पाच स्वरांचा शब्द शोधा

मी बोर्ली पंचतनहून बोलतेय. आपल्या भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते. गेल्या वेळी आपण हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहे एका खेळाबद्दल. इंग्रजीतले लांबलचक शब्द शोधायचा खेळ! हसू नका, आधी ऐका.

हा खेळ माझ्या एका चुकीतून सुरू झाला, म्हणून ती चूक आधी सांगते. आमच्या गटातल्या एका वहिनींनी बँकेत एक फॉर्म भरला होता. त्यावर बारीक इंग्रजी मजकूर होता. त्यांनी मला विचारलं, "ताई, हे काय लिहिलंय?" मी वरवर नजर टाकली. ए-यू-टी-एच अशी सुरुवात दिसली आणि मी ठोकून दिलं, "ओळख पटवायचं असतं हो ते, करा सही." त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या खात्यातून 436 रुपये गेले. मुलीच्या प्रवेशासाठी पै पै करून ठेवलेले पैसे होते ते. भर बैठकीत त्या म्हणाल्या, "माझे पैसे कोणी काढले?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बाकीच्याही बघायला लागल्या.

पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे होते. 18 ते 50 वर्षांच्या खातेदाराला ही योजना घेता येते, वर्षाला 436 रुपये कापले जातात आणि दोन लाखांचं विमा संरक्षण मिळतं. योजना वाईट नाही. पण सही करताना वहिनींना ते माहीत नव्हतं, आणि सांगणारी मी होते. फॉर्मवरचा शब्द 'ऑथेंटिकेशन' नव्हताच, तो होता 'ऑथोराइझ'. पहिला म्हणजे तुमची ओळख पटवणं, अंगठा ठेवतो तेव्हा होतं ते. दुसरा म्हणजे अधिकार देणं, "माझ्या खात्यातून पैसे कापा" अशी परवानगी देणं. सुरुवातीची चार अक्षरं सारखी, अर्थ मात्र वेगळा. मी बैठकीतच वहिनींची माफी मागितली.

मी बी.ए. झालेय, पण मराठी शाळेतली. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत यायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 सालापासून. त्यामुळे लांब शब्द दिसला की मीही पहिली चार अक्षरं वाचून बाकीचं अंदाजाने पुढे ढकलायची. मराठीत जसं लिहितो तसं वाचतो. इंग्रजीत तसं नाही, म्हणून शब्द शेवटपर्यंत बघावा लागतो. ही सवय लागावी म्हणून आम्ही बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं खेळ सुरू केला.

पहिला डाव सोपा. शेवटी टी-आय-ओ-एन असलेले शब्द शोधायचे. ही चार अक्षरं शेवटी दिसली की बहुतेक वेळा 'शन' वाचायचं. पासबुक, फॉर्म, पाकिटं, जे हाताशी असेल त्यात बघायचं. अॅप्लिकेशन म्हणजे अर्ज. व्हेरिफिकेशन म्हणजे पडताळणी. नॉमिनेशन म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव लावणं. ही जागा कोरी सोडू नका बरं. हायपोथिकेशन, तेरा अक्षरांचा शब्द! एका ताईंच्या घरच्या रिक्षाच्या कागदावर सापडला. रिक्षा आपल्या दारात, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क.

दुसरा डाव जोड्यांचा. एकच अक्षर लागोपाठ दोनदा येईल असे शब्द. त्यात आमच्या गटाची हिशोब लिहिणारी मुलगी जिंकली, तीही स्वतःच्याच कामाच्या नावावर. 'बुककीपर' लिहून बघा. दोन ओ, दोन के, दोन ई, तिन्ही जोड्या एकामागोमाग एक.

तिसरा डाव सगळ्यांच्या आवडीचा. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात आहेत असा शब्द शोधायचा. मी फळ्यावर 'एज्युकेशन' लिहून दिला. नऊ अक्षरं, पाचही स्वर एकेकदाच. पुढच्या बैठकीला परसात भाजी लावणाऱ्या एक काकी बियाण्याचं पाकीट घेऊन आल्या. त्यावर 'कॉलीफ्लॉवर'! अकरा अक्षरं आणि पाचही स्वर, तेही एकेकदाच. आपण फ्लॉवर म्हणतो आणि अर्धा शब्द बाजारातच सोडून येतो. दुसरीने 'डॉक्युमेंटेशन' आणला, तेरा अक्षरं. ऑथेंटिकेशनमध्येही पाचही स्वर आहेत, अक्षरं चौदा.

आणि त्या वहिनी? पहिले दोन महिने त्या खेळायच्याच नाहीत, भिंतीला टेकून बसायच्या. मी आग्रह केला नाही. मग एक दिवस त्यांनी एक नवा फॉर्म पुढे सरकवला. एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली, पाच स्वरांवर पाच टिंबं. शब्द होता 'ऑथोराइझ'. म्हणाल्या, "नऊ अक्षरं आहेत. आणि ताई, याला परवानगी म्हणतात. कशाची परवानगी ते विचारल्याशिवाय सही करणार नाही मी." विम्याचे पैसे त्यांनी पुढे चालू ठेवले, या वेळी स्वतः ठरवून. नको असता, तर बँकेत लेखी अर्ज देऊन बंद करता आला असता, हेही त्यांना आता ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, सगळं इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही. पण सहीच्या वर जो सगळ्यात लांब शब्द असेल, तो शेवटच्या अक्षरापर्यंत बोट ठेवून बघा. वहीत उतरवून घ्या. अर्थ विचारा. सांगणारी घाईत असेल, अगदी मी असले तरी, पुन्हा विचारा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक पाच स्वरांचा शब्द आणायचा. कॉलीफ्लॉवर सोडून! नमस्कार.