गोंदण, टॅटू आणि दुखणं

बचत गटांची सहयोगिनी म्हणून मी पोलादपूर तालुक्यात गावोगावी फिरते. आज बोलायचंय गोंदणावर. आता त्याला टॅटू म्हणतात.

आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असतं. कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाचे पाच ठिपके. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या सांगतात. तेव्हा सुया एकत्र बांधून, काजळीत बुडवून गोंदायचे. पोर रडली की म्हणायचे, "सोस गं, पुढं संसारात याहून जास्त सोसायचंय."

आता जत्रेत मशीन घेऊन टॅटूवाला बसतो आणि मुली मला विचारतात, "ताई, खूप दुखतं का?" दुखतं. सुई वरची कातडी ओलांडून खालच्या थरात जाते, म्हणून तर रंग टिकतो. त्याच थरात वेदना कळवणाऱ्या नसा असतात. पण हे दुखणं कमी करता येतं.

उपाशीपोटी बसू नका. उपवास असेल तर दुसरा दिवस धरा, नाहीतर चक्कर येते. भाकरी खाऊन, पाणी पिऊन जा. जागा विचार करून निवडा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला मांस असतं, तिथं कमी दुखतं. मनगट, घोटा, बरगडी इथं जास्त. पहिल्यांदा लहानच नक्षी काढा. श्वास रोखू नका, हळूहळू सोडत राहा. सोबत मैत्रीण न्या आणि तिच्याशी बोलत बसा. मन दुसरीकडे गेलं की दुखणं खरंच कमी जाणवतं. सहन होईना तर "थांबा" म्हणा. पैसे दिले म्हणून गप्प बसायचं नसतं.

बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. जास्त जागेवर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर औषध अंगात भिनतं. झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुखणं कमी व्हावं म्हणून आधी ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त जास्त येतं. मात्र हृदयासाठी रोज ती गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनानं बंदही करू नका. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात टॅटू नकोच, आणि अठराच्या आतल्या मुलींनाही नको.

आता खरी भीती कशाची, ते सांगते. सुईचं दुखणं तासाभराचं. पण एकीची सुई दुसरीला लावली, तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. कावीळ ब चे विषाणू अंगाबाहेर सात दिवससुद्धा जिवंत राहतात. सुई नुसती पुसून किंवा पाण्यात बुडवून ते मरत नाहीत. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी बघा. बंद पाकिटातली नवी सुई तुमच्यासमोर फोडली का? रंग तुमच्यासाठी वेगळ्या झाकणीत काढला का? हातमोजे नवे आहेत का? यातलं एक जरी नसेल, तर उठून या. जत्रा पुढच्या वर्षीही आहे.

टॅटू झाल्यावर स्वच्छ पाणी आणि साबणानं हलक्या हातानं धुवा. हळद, राख, शेण काही लावू नका. खपली काढू नका. नदीत, विहिरीत पोहणं आणि भातलावणीचा चिखल जखम भरेपर्यंत टाळा. दोन दिवस ठणकणं साहजिक आहे, पॅरासिटामॉल चालते. पण तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर ग्रामीण रुग्णालय गाठा. सुईबद्दल शंका असेल तर काविळीची आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. विचारायला लाजू नका.

आणि आयांनो, सासवांनो, एक विनंती. लेकीला, सुनेला हौस असेल तर तिला जपून करू द्या. हौस नसेल, तर "नवऱ्याचं नाव गोंदव" म्हणून मागं लागू नका. अंग तिचं आहे, दुखणारही तिलाच आहे.

पुढच्या गटाच्या बैठकीत या तीन गोष्टी सगळ्यांना वाचून दाखवा.