जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम एखादें देऊळ उभें राहतें. ढांसळलेलें शिखर पुन्हां बांधलें जातें, गळका मंडप दुरुस्त होतो, आणि पुष्कळदां उत्साहाच्या भरांत काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांना तैलरंगही फांसला जातो. खांब नव्यासारखा झाला म्हणून गांवकरी आनंदतात. जाणत्या माणसाचा जीव मात्र हळहळतो. युरोपांत व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंचा संग्रह व जीर्णोद्धार करणारी जी मंडळी आहे, तिच्यापुढें हाच पेंच नित्य उभा असतो. कोणतें व्यंग दुरुस्त करावें, आणि कोणतें दुरुस्त करतां येत असूनही तसेंच राहूं द्यावें?

या मंडळीच्या लेखीं जुना रेडिओ म्हणजे सामान्यतः १९२५ ते १९६० या काळांतला. ट्रान्झिस्टरनें व्हॉल्व्हला हुसकावून लावण्यापूर्वींचा. फिलिप्स, टेलिफुंकेन, मर्फी हीं नांवें मराठी घरांतील वडीलधाऱ्यांनाही परकीं नाहींत; दिवाणखान्यांतील फळीवर, विणलेल्या रुमालाखालीं, हे संच एके काळीं आपल्याकडेही विराजमान होते. युरोपांत ते माळ्यांवर, तळघरांत आणि जुन्या बाजारांत सांपडतात. इंग्लंडांत १९७६ सालीं आणि जर्मनींत १९७८ सालीं त्यांच्या अभ्यासकांच्या संस्था निघाल्या, आणि लोक ज्याला भंगार म्हणत होते त्यालाही इतिहास आहे, ही गोष्ट हळूहळू मान्य झाली.

संच घरीं आणला कीं तो बोलतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नवशिका तो लागलीच विजेला जोडतो. कसलेला कारागीर तसें कधींच करीत नाहीं. याचें कारण संचाच्या पोटांत दडलेलें असतें. व्हॉल्व्हच्या रेडिओंत दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब खेळत असतो, आणि हा दाब एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे जाऊं न देतां केवळ ध्वनीचें स्पंदन पुढें पाठविण्याचें काम कागदाच्या कंडेन्सरकडे असतें. मेणानें किंवा डांबरानें बंद केलेल्या या नळकांड्यांत दशकानुदशकें दमट हवा शिरते. कागद ओलावतो, आणि जो दाब अडवावयाचा तोच झिरपूं लागतो. मग शेवटच्या व्हॉल्व्हवरील लगाम सुटतो, तो लालबुंद होतो, आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. सत्तर वर्षें शाबूत राहिलेली वस्तु अशा रीतीनें दोन मिनिटांत जळून जाते.

म्हणून अनुभवी माणूस आधीं पाठीमागचें झांकण काढून नुसतें पाहतो. धूळ ब्रशानें झाडतो. तारांवरील रबर बोट लागतांच भुगा होऊन गळत असेल, तर वीज दूरच ठेवतो. संशयित कंडेन्सर बदलल्यावर तो संचाच्या वाटेंत साठ-शंभर वॉटचा एक दिवा जोडतो. आंत कोठें दोष असेल तर दिवा झगझगतो आणि संच वांचतो. दिवा मात्र तारेचाच हवा, आजच्या एल्‌ईडीचा चालत नाहीं. २००९ पासून युरोपीय संघानें तारेचे दिवे टप्प्याटप्प्यानें बाजारांतून काढले, तेव्हां या मंडळीनें ते खोक्यांनीं विकत घेऊन ठेवले यांत नवल नाहीं. ॲल्युमिनियमच्या मोठ्या कंडेन्सरांची गोष्ट निराळी. त्यांच्या पत्र्यावरील सूक्ष्म पापुद्रा निकामी पडून राहिल्यानें विरतो, आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास कंडेन्सर तापून फुटतो. पण कित्येक तास कणाकणानें दाब वाढवीत नेल्यास तो पापुद्रा पुन्हां धरूंही शकतो.

बदललेला कंडेन्सर दिसावा कीं लपवावा, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष जुनें नळकांडें मंद आंचेवर तापवून आंतला गाभा काढतो, त्याच्या पोकळींत नवा चिमुकला कंडेन्सर बसवितो, आणि तेंच मेण वितळवून तोंड बंद करतो. वरून पाहणाराला १९३५ चाच माल दिसतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं ही फसवणूक आहे. नवा भाग नवा दिसला पाहिजे, म्हणजे पुढच्या पिढीची दिशाभूल होणार नाहीं. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु गाभा बदलणारानें आंत एक चिठ्ठी ठेवून त्यावर तारीख लिहिली, तर दोघांचेंही समाधान होण्यासारखें आहे. असें करणारे कारागीर आहेत, पण थोडे.

बाहेरच्या पेटीचाही असाच मोह असतो. बेकेलाइट हा पदार्थ, मूळच्या बेल्जियन असलेल्या बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें १९०७ सालीं शोधलेला. इंग्लंडांतील एको कंपनीचा १९३४ चा वाटोळा संच, वेल्स कोट्स या वास्तुशिल्पज्ञानें रेखिलेला, हा या पदार्थाचा अजूनही सर्वांत देखणा दाखला मानावा लागेल. बेकेलाइटच्या पृष्ठभागावर राळेचा एक चकचकीत थर असतो आणि त्याखालीं भरताड म्हणून घातलेला लांकडाचा भुसा. चकाकी आणण्याच्या नादांत तो थर कोणीं घांसून काढला, तर उघडा पडलेला भुसा पुन्हां झांकतां येत नाहीं.

परंतु खरा घात होतो तो कांचेच्या डायलवर. या कांचेवर शहरांचीं नांवें मागच्या बाजूनें रंगविलेलीं असतात. काळाबरोबर तो रंग कांचेला सोडूं लागतो, तरी समोरून पाहणाराला त्याचा पत्ता नसतो. कांच मळकट दिसली म्हणून कोणी ओला बोळा मागून फिरवितो, आणि रोम, प्राग, बुडापेस्ट हीं सारीं शहरें त्या फडक्यावर उतरतात. पुढून हलक्या हातानें पुसावें, मागें बोट लावूं नये, हा नियम या मंडळींत गुरुमंत्रासारखा सांगितला जातो.

या नांवांना एवढें जपावयाचें कारण केवळ सौंदर्य नव्हे. युद्धापूर्वींच्या जर्मन संचाची डायल घेतली तर तीवर क्योनिग्जबेर्ग, ब्रेस्लाऊ, डान्झिग, लेम्बेर्ग हीं नांवें आढळतात. त्यांपैकीं क्योनिग्जबेर्ग १९४६ पासून रशियांतील कालिनिनग्राद झालें. ब्रेस्लाऊ आणि डान्झिग पोलंडांत जाऊन व्रोत्स्वाफ व ग्दान्स्क झालीं. जर्मन लोक ज्याला लेम्बेर्ग म्हणत तें त्या वेळीं पोलंडांत होतें आणि आतां युक्रेनमधील ल्विव्ह आहे. कांहीं डायलांवर ग्लायविट्झ हें नांवही सांपडतें. याच केंद्रावर ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्रीं पोलिश बंडखोरांचें सोंग घेतलेल्या नाझी हस्तकांनीं चाल केली, ध्वनिक्षेपकावरून पोलिश भाषेंत चार शब्द उच्चारले, आणि दुसऱ्या दिवशीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. तें गांव आज पोलंडांतील ग्लिवित्से आहे. १९३५ सालीं बांधलेला तेथील सुमारें ११० मीटर उंचीचा लांकडी मनोरा अजून उभा आहे. एका कांचेवरील एका ओळींत हा सारा इतिहास आहे, आणि ओल्या बोळ्यानें तो पुसला जातो.

डायलवरील नांवें शांततेच्या काळांतही खोटीं ठरलीं. १९४८ सालीं कोपनहेगनला युरोपांतील राष्ट्रांनीं लहरींची नवी वांटणी केली आणि १५ मार्च १९५० पासून ती अंमलांत आली. पुष्कळ केंद्रें आपल्या जागेवरून सरकलीं. कांटा एका शहरावर आणि आवाज दुसऱ्या शहराचा, अशी स्थिति झाली. जर्मनीच्या वांट्याला मध्यम लहरींच्या थोड्या आणि त्याही कमी प्रतीच्या जागा आल्या, म्हणून त्या देशानें अतिलघु लहरींचा मार्ग इतरांआधीं धरला. पराभूताला मिळालेला हा तोटाच पुढें त्याच्या रेडिओ-कारखान्यांच्या पथ्यावर पडला.

आतां या छंदांतील सर्वांत अवघड संचाकडे वळावें. ऑगस्ट १९३३ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत ‘लोकांचा रेडिओ’ मांडला गेला. त्याचा क्रमांक ३०१. हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीची ही आठवण. ऑटो ग्रीसिंगनें यंत्र रचलें, वाल्टर केर्स्टिंगनें पेटी रेखिली, आणि निरनिराळ्या कारखान्यांनीं एकाच नमुन्याबरहुकूम तो बनवून ७६ मार्कांना विकला. १९३८ सालीं ३५ मार्कांचा त्याहून लहान संच निघाला. लोकांनीं त्याला ‘गोबेल्सचें थोबाड’ असें नांव ठेवलें. या धाकट्या संचांत ट्रान्सफॉर्मर नाहीं. भिंतींतील वीज सरळ आंतील सांगाड्यांत उतरूं शकते, आणि मागचें झांकण उघडून हात घालणाराच्या जिवावर बेतूं शकतें. त्यांतील मुख्य व्हॉल्व्हही आतां दुर्मिळ झाला आहे. कित्येक जण जोडखोबणीवर दुसऱ्याच जातीचा व्हॉल्व्ह चढवून काम भागवितात.

या संचांवर परकीय केंद्रें ऐकूंच येऊं नयेत अशी त्यांची रचना मुद्दाम केली होती, असें सर्रास सांगितलें जातें. जीर्णोद्धार केलेला ३०१ त्याला साक्ष देत नाहीं. यंत्र साधें आणि ओबडधोबड आहे हें खरें. पण चांगली एरियल असली आणि रात्र असली म्हणजे दूरचें केंद्र त्यावर येतें. तें येत होतें म्हणूनच १ सप्टेंबर १९३९ ला परकीय केंद्र ऐकणें हा गुन्हा ठरविणारा हुकूम काढावा लागला. ऐकल्यास सक्तमजुरी, आणि ऐकलेली बातमी पसरविल्यास गंभीर प्रकरणीं देहांतही. संचाच्या खुंटीवर अडकविण्यासाठीं या गुन्ह्याची ताकीद देणारें भोक पाडलेलें एक कार्ड वांटलें गेलें, म्हणजे केंद्र फिरविणाऱ्या बोटांना तें प्रत्येक वेळीं लागावें. जो संच बहिरा आहे त्याच्या मालकाला असा दम कोणी कशाला देईल?

तें मूळ कार्ड आज क्वचितच सांपडतें. नक्कल छापून मिळते. ती संचावर लावावी काय? पेटीवरील गरुड आणि नाझी स्वस्तिक यांचाही प्रश्न तसाच. जर्मन कायद्यानें त्या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंधन आहे, इतिहास आणि शिक्षण यांपुरती सवलत आहे. विक्रीच्या छायाचित्रांत त्यावर चिकटपट्टी डकविलेली दिसते. परंतु पुष्कळ पेट्यांवर तें चिन्ह चाकूनें किंवा कानशीनें खरवडलेलें आढळतें. युद्ध संपल्यावर कोणा मालकानें भीतीनें, शरमेनें किंवा संतापानें तें खरवडलें असेल. कुशल कारागीर तो खड्डा भरून चिन्ह पुन्हां उठवूं शकतो, आणि तसा संच अधिक ‘पूर्ण’ म्हणून विकलाही जातो. येथें मात्र हात आवरणें हेंच खरें कौशल्य. कारखान्यानें उमटविलेलें चिन्ह हजारों पेट्यांवर सारखेंच आहे. तो ओरखडा मात्र एकाच घरचा आहे.

जर्मनांनीं व्यापलेल्या देशांतील संचांकडेही याच नजरेनें पाहिलें पाहिजे. नेदरलंड्समध्यें मे १९४३ मध्यें रेडिओ सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. लंडनहून डच भाषेंत बोलणारें ‘रेडिओ ओरान्ये’ ऐकणारे लोक मोडका संच देऊन चांगला संच फरशीखालीं लपवीत. तशा संचाचें लांकूड ओलीनें फुगलेलें असतें, पॉलिश उडालेलें असतें. त्याला नवें पॉलिश करून आरशासारखा बनविणारा कारागीर कोणता पुरावा पुसून टाकतो, याचा त्यानें आधीं विचार करावा. युद्धानंतरचें एक उदाहरण गमतीचें आहे. रेडिओच्या विक्रीवर विजेत्यांचें नियंत्रण असतां फ्युर्ट येथील माक्स ग्रुंडिग यांनीं ‘हाइन्झेलमान’ नांवाचा संच १९४६ पासून सुट्या भागांच्या रूपानें, व्हॉल्व्ह न घालतां, खेळणें म्हणून विकला. घेणारानें व्हॉल्व्ह कोठून तरी पैदा करावे आणि घरीं डाख द्यावे. त्या नवख्या हातांनीं दिलेले गांठाळ डाख आजचा कारागीर पाहतो तेव्हां त्याचे हात शिवशिवतात. पण तेच तर त्या संचाचे मूळ डाख आहेत.

सर्व कांहीं जमलें, संच तापला, डायलमागचा दिवा पिंवळा उजेड देऊं लागला, तरी पुढें काय? स्वित्झर्लंडांतील बेरोम्युन्स्टर मध्यम लहरींवरून २००८ सालीं गप्प झालें. जर्मनीच्या राष्ट्रीय नभोवाणीनें २०१४ च्या अखेरीस दीर्घ लहरी आणि २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरी सोडल्या. डच सार्वजनिक नभोवाणीनेंही २०१५ मध्येंच मध्यम लहरींचा निरोप घेतला, आणि फ्रान्सच्या सरकारी केंद्रानें २०१६ च्या अखेरीस दीर्घ लहरींचा. दिवसां कांटा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविला तर पुष्कळ ठिकाणीं शेजारच्या घरांतील विजेच्या उपकरणांची खरखर तेवढी मिळते. यावर कांहीं जणांनीं उपाय काढला आहे. खोलीपुरताच पोंचेल असा तळहाताएवढा प्रक्षेपक ते मेजाखालीं ठेवतात आणि त्यावर जुनीं ध्वनिमुद्रणें लावतात. त्यांतील चोखंदळ माणूस प्रक्षेपकाची लहर अशी जुळवितो कीं, गाणें लागलें असतां कांटा बरोबर हिल्व्हर्समच्या नांवावर उभा राहावा.