धूळपाटी इथे आपल्याआधी आली

(शताब्दी समारंभात मराठी शाळेच्या शिक्षकवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



आपली मराठी माणसे इंग्लंडात या गावी आली, त्याला शंभर वर्षे झाली. या सोहळ्यात आम्हा शिक्षकांना विषय दिला आहे 'शिकवण्याची साधने : काल आणि आज'. दर शनिवारी खडू आणि टॅब्लेट एकाच पिशवीतून नेणाऱ्यांना हा विषय परका नाही.

सुरुवात धूळपाटीपासून करायला हवी. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरत आणि काडीने किंवा बोटाने तिच्यावर अक्षर काढत. चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी. कागद महाग, धुळीला मात्र मोल नव्हते. ती पाटी गेली, पण भाषेत राहिली. आजही नवशिका माणूस 'धुळाक्षरे' गिरवतो, कामाचा 'श्रीगणेशा' होतो आणि थोरांचा 'कित्ता' गिरवला जातो.

ही धूळपाटी या देशात आपल्या शंभर वर्षांपेक्षाही आधी पोचली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. एका देशी शाळेत जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढणारी मुले त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. शिक्षक राजी होईनात, तेव्हा बेल यांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला आणि त्याने तो चालवून दाखवला. मोठ्या मुलाने धाकट्याची उजळणी घ्यावी, ही रीत आपल्या पंतोजींच्या शाळेतही होतीच. बेल यांनी १७९७ साली लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले. त्यांची समाधी आज वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे.

त्याच सुमारास, १७९८ साली, लंडनच्या बरो रोड भागात जोसेफ लॅन्कॅस्टर यांची शाळा सुरू झाली. तिथे लहान मुले वाळूच्या मेजाशी बसून अक्षरे काढत, मोठी मुले दगडी पाटीवर लिहीत. पुस्तके परवडत नसत म्हणून धडे मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगत आणि मुले त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात उभी राहून वाचत. शिकवणाऱ्या मुलाला 'मॉनिटर' म्हणत. आपल्या वर्गातला मॉनिटर आठवला ना?

पुढे गंमत अशी झाली की हीच पद्धत जहाजातून परत आपल्याकडे गेली. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने आपल्या शाळांसाठी लॅन्कॅस्टरची पद्धत पसंत केली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, बापू छत्रे यांच्यासारख्यांनी मराठी शालेय पुस्तके तयार केली. छत्र्यांचे 'बाळमित्र' १८२८ सालचे. इथून तिथे आणि तिथून इथे असा हा व्यवहार आपल्या पिढीने सुरू केलेला नाही.

या कथेचा उत्तरार्धही सांगायला हवा. एका शिक्षकावर शेकडो मुले शिकतात, म्हणजे खर्च वाचतो, या एवढ्याच हिशेबाने ती पद्धत जागोजाग उचलली गेली. मुले धडा घडाघडा म्हणत, पण अर्थ विचारला की गप्प बसत. १८४६ पासून इंग्लंडात उमेदवार-शिक्षक तयार करण्याची सरकारी योजना आली आणि मॉनिटरची शाळा मागे पडली. साधन केवळ स्वस्त पडते म्हणून घेतले, तर ते फार दिवस साथ देत नाही.

त्यानंतरची साधने आपल्या ओळखीची आहेत. बीबीसीने १९२४ साली शाळांसाठी कार्यक्रम सुरू केले आणि आवाज वर्गात आला. आपल्या कित्येक घरांत आजीच्या गोष्टी कॅसेटवर भरून आल्या. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, म्हणून आज आपण फोनवर मराठी लिहितो.

मात्र एक गोष्ट आम्ही दर आठवड्याला पाहतो. मूल रोमन अक्षरांत टाइप करते आणि पडद्यावर 'बल', 'बाल', 'बाळ' असे पर्याय येतात. यातला कोणता निवडायचा, हे ज्याला आधीच वाचता येते त्यालाच कळते. 'चार' आणि 'चाक' यांतला च लिहायला एकच, उच्चारायला वेगळा. तो फरक ऐकून, म्हणून, चुकून आणि कुणीतरी हसून सुधारल्यावरच जिभेवर बसतो.

हे सांगायचे कारण आहे. हॉलचे भाडे वाढले आहे, तेव्हा वर्ग संपूर्ण ऑनलाइन करावा, अशी सूचना मंडळापुढे आहे. आम्ही पडद्याच्या विरोधात नाही. लांब राहणारी मुले त्याच्यामुळेच शिकतात, आणि सांगलीचे आजोबा त्याच्यावरूनच नातीचे वाचन ऐकतात. ते चालूच ठेवू. पण हॉल सोडला तर मुलांना मुलांचे मराठी ऐकू येणार नाही. जीसीएसईला गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू हे विषय घेता येतात, मराठी नाही. परीक्षेची ओढ नाही, गुणांचा मोह नाही. आपले मूल शनिवारी येते ते घरच्यांच्या आग्रहाने आणि तिथे भेटणाऱ्या सवंगड्यांसाठी.

म्हणून आमची पालकांना एकच विनंती आहे. अकरा-बारा वर्षांचे मूल 'आता झाले मराठी' म्हणून शाळा सोडते, त्याला सोडू देऊ नका. आठवड्यातून एक तास त्याला धाकट्यांचा दादा किंवा ताई म्हणून पाठवा. शिकवताना त्याचेही मराठी पक्के होईल. शिक्षक शेजारी असतील, त्यामुळे मॉनिटरच्या शाळेत जे राहून गेले ते इथे राहणार नाही.

येत्या शनिवारपासून लहान गटासाठी ताटात रवा पसरून अक्षरे काढायचा बेत आहे. रवा आम्ही आणू, ताट घरून आणावे. ताई-दादांनी पंधरा मिनिटे आधी यावे.