हत्यार कोणाचे?



आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण द्वारसभांत आणि वाचनालयात झाले. तेव्हा मोबाइलच्या अ‍ॅपवर आम्ही काय बोलणार, असे कोणी म्हणेल. पण अ‍ॅप घडवणारी मुले-मुली कामगारच आहेत, आणि कामगाराचे हत्यार हा आमचा जुना विषय आहे.

आयफोन आणि अँड्रॉइड यांची अ‍ॅपची दुकाने २००८ साली उघडली. एकाची भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी, पुढे २०१४ पासून स्विफ्ट. दुसऱ्याची जावा, नंतर कॉटलिन. म्हणजे एकच काम दोनदा करायचे. ते एकदाच करता यावे म्हणून तयार चौकटी निघाल्या. फोनगॅपने वेबपानालाच अ‍ॅपचे कवच चढवले. फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये, २०१५ पासून, जावास्क्रिप्ट लिहावी आणि बटणे त्या त्या फोनचीच वापरावी. गूगलचे फ्लटर, ज्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ ची, सारा पडदा स्वतःच रंगवते.

आमच्या संघटनेनेही वर्गणी आणि सभेच्या सूचनांसाठी असे अ‍ॅप केले होते. एका सभासदाच्या मुलाने ते रात्री जागून बांधले. काही वर्षांनी त्या साधनाच्या मालकाने हात काढून घेतला आणि नव्या फोनवर अ‍ॅप चालेना. मुलगा म्हणाला, "काका, सगळे पुन्हा लिहावे लागेल." गिरणी बंद पडली की माग गंजतो, हे आम्ही पाहिले होते. न गंजणारे हत्यारही एका पत्रकाने निकामी होते, हे नवे शिकलो.

मग उपाय काय? फोनगॅपचीच गोष्ट पाहा. २०११ साली ते घडवणारी कंपनी अ‍ॅडोबीने विकत घेतली. पण मूळ प्रोग्राम अपाची या सार्वजनिक संस्थेकडे सोपवला गेला. त्याचे नाव कॉर्डोवा. २०२० साली अ‍ॅडोबीने फोनगॅप बंद केले. कॉर्डोवा मात्र आजही चालू आहे. मालक गेला, हत्यार उरले.

पण एवढ्यावर भागत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि फ्लटर यांचेही परवाने खुले आहेत. परवाना म्हणजे कुलपाची किल्ली. घर शाकारायला माणसे लागतात, आणि त्यांना पगार लागतो.

तो मुलगा आता दिवसभर कंत्राटी नोकरी करतो आणि रात्री नवी चौकट शिकतो. तिचा पगार कोणी देत नाही. गिरणीत नवे यंत्र आले की ते शिकवण्याचा वेळ कामाचाच धरा, अशी मागणी आम्ही केलेली आहे. तीच मागणी इथेही रास्त आहे. साधन बदलायचे ठरवतो मालक, तर ते शिकण्याचे तासही मालकाच्याच हिशेबात लिहिले पाहिजेत.

तरुण मित्रांनो, चौकट शिका, पण तिच्या खालची भाषाही शिका. आणि हे तास मागताना एकेकटे जाऊ नका.