समाजसेवकाला परवाना हवा काय?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा रिवाज आहे. यंदा चालकांनी तो मोडला. समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना पुढे कोणती विशेष प्रमाणपत्रे घ्यावी लागतात, कोणते परवाने लागतात, यावर बोला, असे त्यांनी आम्हांला सांगितले. आम्ही म्हणालो, "आमच्यापाशी प्रमाणपत्र एकच आहे, शाळा सोडल्याचे." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हांला बोलावले."

ते खरेच आहे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि तिच्यापाठोपाठ आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात आणि गेटसभेत झाले. परंतु गेली तीस वर्षे युनियनचे काम करताना पदवीधर समाजसेवकांशी आमचा नित्य संबंध आला. कधी खांद्याला खांदा लावून आला, कधी समोरासमोर उभे राहून आला. त्या अनुभवावरून चार शब्द सांगणार आहोत.

प्रथम प्रमाणपत्र आणि परवाना यांतला भेद पाहू. कारखान्यात बॉयलरजवळ ज्याला उभे करायचे त्याच्यापाशी सरकारी प्रमाणपत्र असावे लागते. तारा जोडणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. टॅक्सीवाल्याला बिल्ला लागतो. औषधे देणारा फार्मासिस्ट १९४८ च्या कायद्याने नोंदलेला असतो, वकील १९६१ च्या कायद्याने, आणि आर्किटेक्ट १९७२ च्या. ही माणसे काही शिकली आहेत एवढेच त्या कागदावरून कळते असे नाही. तो कागद परत घेता येतो, हे त्यातले मुख्य. दारू पिऊन गाडी चालवली तर परवाना जातो. अशिलाचे पैसे खाल्ले तर सनद जाते. पदवी मात्र एकदा मिळाली की जन्माची झाली. माणूस काय शिकला हे पदवी सांगते. तो कोणाला जाब देणार हे परवाना सांगतो. आजच्या विषयाचे सारे मर्म आमच्या मते या एका भेदात आहे.

आता हा व्यवसाय आपल्याकडे उगवला कसा ते पाहू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि १९२० साली आयटक स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांतही तेच होते. म्हणजे समाजसेवा आणि कामगार चळवळ ही आपल्याकडे एकाच घरातली भावंडे. या दोघांपैकी कोणापाशीही समाजकार्याची पदवी नव्हती, कारण ती देणारी शाळाच नव्हती. क्लिफर्ड मॅन्शार्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९२६ साली नागपाड्यात वस्तीसेवेचे घर उघडले, आणि १९३६ साली त्यांच्याच पुढाकाराने सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून आज आपण जिला ओळखतो ती हीच.

त्याच सुमारास कारखान्यांना अशा शिकलेल्या माणसांची गरज भासू लागली होती. गिरणीत भरती जॉबरच्या हाती असे, आणि त्याला दस्तुरी चारल्यावाचून कोणाला साच्यावर उभे राहता येत नसे. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की, भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसर नेमावेत. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक केले. २०२० च्या संहितेने हा आकडा २५० वर आणला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या अधिकाऱ्याच्या पात्रतेसाठी राज्यांनी नियम केले: विद्यापीठाची पदवी हवी, समाजकार्याची वा कामगार कल्याणाची मान्य पदवी किंवा पदविका हवी, आणि कामगार जी भाषा बोलतात ती यायला हवी. परळची १९४७ सालची कामगार संस्था आज लोखंड्यांचे नाव लावते. तिच्या पदविकेचे मोल याच नियमांमुळे वाढले.

आता आम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. १९९६ साल. कारखान्याचे नाव सांगत नाही, माणसांची नावेही नाहीत. आमच्या सभासदांपैकी एकजण प्रेसवर गेला. त्या भागात कामगार राज्य विमा योजना तेव्हा पोचली नव्हती, म्हणून भरपाई मालकाकडून यायची होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याण अधिकारी त्याच्या घरी गेले. समाजकार्याचे पदव्युत्तर पदवीधर, बोलायला गोड, मराठी आमच्याहून शुद्ध. त्यांनी त्या बाईंना वहिनी म्हटले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, पंधरा हजार रुपये हातावर ठेवले आणि एका इंग्रजी कागदावर अंगठा घेतला. कागदावर लिहिले होते की, हिशेब पूर्ण झाला, यापुढे काही मागणे नाही.

सुदैवाने कायदा त्या कागदाहून शहाणा होता. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तापाशी जमा करावी, परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरू नये, असे १९२३ च्या कायद्यात कलम होते. ते आम्ही वाचनालयात बसून वाचले, दावा लावला, आणि दोन वर्षांनी बाईंना त्यांचे पैसे मिळाले.

पण त्या अधिकाऱ्याचे काय? आम्ही त्याच्या शिक्षणसंस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले, आम्ही पदवी देतो, नोकरीतल्या वर्तनाशी आमचा संबंध नाही. सरकारी कचेरीत गेलो. तिथे सांगितले, नेमणूक नियमानुसार आहे, पात्रता पूर्ण आहे. मालकाकडे जाण्यात अर्थ नव्हता, कारण मालकाने त्याला बढती दिली होती. मंडळी, एखाद्या वायरमनने चुकीची तार जोडून माणूस मारला असता तर त्याचा परवाना काढून घ्यायला कोणीतरी होते. इथे कोणीच नव्हते.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि तीही सांगितली नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. चार वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात एक तरुण कल्याण अधिकारी भेटला. तीन कामगारांची खातेचौकशी होती, आणि कंपनीच्या बाजूने ती चालवायला त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. कल्याण अधिकाऱ्याने कामगारांविरुद्ध शिस्तभंगाचे काम चालवू नये, मालकातर्फे त्यांच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहू नये, असे कित्येक राज्यांच्या नियमांत आहे. गजेंद्रगडकर आयोगानेही १९६९ साली त्याच अर्थाचे मत दिले होते. पोराने नियमाची प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. महिन्याभरात त्याची बदली परराज्यातल्या गोदामावर झाली. तो निरोप घ्यायला युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "दादा, डॉक्टर म्हणू शकतो की हे केले तर माझी नोंदणी जाईल. मी काय म्हणू?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याला चहा पाजला आणि स्टँडवर सोडून आलो.

त्या दिवशी आम्हांला पुरते कळले की, परवान्याचा धाक लबाडाला असतो आणि त्याचा आधार प्रामाणिकाला असतो. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या पाठीशीही कोणी उभे राहू शकत नाही.

मग आज विद्यार्थ्यांपुढे कोणत्या वाटा आहेत? वकील, डॉक्टर यांच्यासारखा सर्व समाजसेवकांना मिळून लागू असा परवाना आपल्या देशात नाही. पण काही खोल्यांना दारे बसली आहेत. अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित समाजसेवकाला १९९२ च्या कायद्याने झालेल्या पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. मनोरुग्णांबरोबर काम करणारा मनोसामाजिक कार्यकर्ता कोणाला म्हणावे याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे: समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीवर आणखी दोन वर्षांचा, रुग्णालयातील देखरेखीखालच्या कामासह पूर्ण वेळ अभ्यास. आणि आरोग्यक्षेत्रातील सहायक व्यवसायांसाठी २०२१ साली जो कायदा झाला, त्याच्या यादीत रुग्णालयातले समाजसेवक आले आहेत. कामगार कल्याणाची वाट वर सांगितलीच. तिथे पात्रता ठरलेली आहे, पण पात्र माणसाला जाब विचारणारी वही नाही.

तेव्हा, मुलांनो, प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला दोन प्रश्न विचारा. तुमचे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली मान्य आहे? आणि त्याने माझे नाव कोणत्या नोंदवहीत जाते? सहा आठवड्यांचे वर्ग भरवून सोनेरी शिक्क्याचे कागद वाटणारे पुष्कळ झाले आहेत. तिथे काही शिकायला मिळत असेल तर अवश्य शिका, पण शिक्क्याला परवाना समजू नका.

तथापि परवाना आला की सगळे सुटले, असेही आम्हांस वाटत नाही. जिथे तो आहे त्या अमेरिकेकडे पाहा. तिथे १९१५ साली फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने बाल्टिमोरच्या परिषदेत सांगितले की, समाजकार्य हा अजून पूर्ण अर्थाने व्यवसाय झालेला नाही. ते बोलणे तिथल्या लोकांच्या जिव्हारी लागले. आज तिथल्या सर्व राज्यांत परवान्याचे कायदे आहेत. पदवी, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम, मग परीक्षा, आणि वर तक्रार ऐकणारे मंडळ. मंडळाची गोष्ट घेण्याजोगी आहे. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच २०२२ साली आकडे प्रसिद्ध केले. मानसोपचाराच्या कामाची परीक्षा पहिल्या प्रयत्नात गोऱ्या उमेदवारांपैकी शंभरात सुमारे ८४ जण उतरले होते, आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५. म्हणजे दार बसवले ते लबाडाला अडवण्यासाठी, आणि अडले कोण?

आपल्याकडे तर ही भीती दुप्पट आहे. उद्या इंग्रजीत परीक्षा आली तर खेड्यातून आलेली, वस्तीतून वर आलेली पोरे बाहेर राहतील. आणि समाजसेवा परवान्याशिवाय करूच नये असा नियम झाला, तर लोखंडे बाहेर, जोशी बाहेर. आशाताई, अंगणवाडीच्या बाई बाहेर. आमच्यासारख्यांचे तर नावच नको.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. शेजाऱ्याच्या दुःखात धावून जायला, लोकांना एकत्र करायला, मोर्चा काढायला परवाना नको. तो नागरिकाचा हक्क आहे. पण ज्याच्या अहवालावरून मूल कोणाकडे राहायचे ते ठरते, ज्याच्यापुढे मनोरुग्ण आपले मन उघडे करतो, ज्याच्या समोर विधवा अंगठा उठवते, त्याचे नाव नोंदवहीत असलेच पाहिजे, आणि ती वही सामान्य माणसाला उघडता आली पाहिजे. परीक्षा मराठीत देता यावी. वीस-वीस वर्षे वस्तीत काम केलेल्यांचा अनुभव मोजला जावा. आणि तक्रार ऐकणाऱ्या मंडळावर नुसते प्राध्यापक आणि मालक नकोत. ज्यांची सेवा करायची त्यांच्यातलाही माणूस तिथे बसावा. एवढे झाले नाही तर परवाना म्हणजे नव्या जॉबराची नवी दस्तुरी होईल.

हे होईल तेव्हा होवो. तोवर आपण एक करू शकतो. आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली या शिक्षणात आहेत. त्यांना सांगा की, कायद्याने वही ठेवली नसली तरी आपली वही आपण ठेवा. दुसऱ्याचा अंगठा घेण्यापूर्वी तो कागद त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा. त्या बाईंना तेवढेच हवे होते. त्यासाठी कोणत्याही परवान्याची वाट पाहावी लागत नाही.