आधी तुला काय हवं ते लिही



सॉफ्टवेअरमधले अनुभव सांग, असं मला संयोजकांनी सुचवलं होतं. ते पुन्हा कधीतरी. आज मला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल बोलायचं आहे, कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली.

आधी माझा प्रवेश सांगते. १९९७ साली बारावीला मला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी २७१ गुण होते. तेव्हा इंजिनिअरिंगला याच गुणांवर प्रवेश मिळायचा. वर्गात जे शिकवलं, त्याचाच पेपर आणि त्याचीच गुणवत्ता यादी. वडिलांचं म्हणणं, डी.एड. कर, घराजवळ राहशील. आपल्या गणिताच्या सरांना हे कळलं तेव्हा ते घरी आले. मी शाळा सोडून दोन वर्षं झाली होती, तरी आले. डोमिसाईलच्या दाखल्यासाठी माझ्याबरोबर तहसील कचेरीत बसले, एस.टी.ने कराडपर्यंत आले. वहीच्या पानावर त्यांनी मला कॉलेजांची यादी करायला लावली. मी भीतभीत सोपं वाटणारं नाव वर लिहिलं. सर म्हणाले, "आधी तुला काय हवं ते लिही. मिळतंय का नाही, ते बघायला ती माणसं बसलीत." कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. सर आज समोर बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्यानंतर प्रवेशाची वाट किती वेळा बदलली बघा. राज्याची सीईटी आली. २०१४ आणि २०१५ ला जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे निम्मे धरले. २०१६ ला परत सीईटी. २०१९ पासून ती संगणकावर झाली आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल आलं. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हेत; त्या सत्रात बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बारावीच्या गुणांचं काम आता फक्त पात्रतेपुरतं: खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४०. बाकी सगळं १८० मिनिटांच्या त्या पेपरवर. मग घरोघरी वेगळी शिकवणी आणि वेगळी फी आली. पण मुलं तोही डोंगर चढतात. पाय घसरतो तो पुढे, फॉर्म भरताना.

आपल्याच वर्गातल्या एकाची मुलगी यंदा बारावी झाली. त्याने मला जूनमध्येच फोन केला होता. "अगं, पोरीचा ऑप्शन फॉर्म जरा बघशील का?" मी म्हटलं, "पाठव, शनिवारी बघते." ऑफिसात रिलीज होतं. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. त्याने पुन्हा फोन केला नाही. आपल्याकडची माणसं दुसऱ्यांदा मागत नाहीत.

२०२४ पर्यंत कॅपच्या तीन फेऱ्या असत. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागे, पण खालच्या पसंतीचं मिळालं तर ते हातात ठेवून पुढच्या फेरीत आणखी चांगलं मागता येई. त्याच्या पुतण्याने तसंच केलं होतं. २०२५ ला फेऱ्या चार झाल्या आणि नियम बदलला. आता दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं, तर तेच कायम. पुढच्या फेरीत जाता येत नाही.

दुसऱ्या फेरीसाठी त्यांनी फॉर्म भरला. तिसऱ्या क्रमांकावर लांबचं एक खाजगी कॉलेज टाकलं, हातात काहीतरी असावं म्हणून. नको असलेल्या शाखेचं. तेच मिळालं आणि तेच कायम झालं. तिसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा मी कट-ऑफ पाहिला. तिला कराडला हवी ती शाखा मिळाली असती. मुलींची शिकवणी फी माफ आहे, त्यात ती बसली. पण मेस आणि खोलीचं भाडं माफ नसतं. मी नंतर भेटायला गेले तर ती म्हणाली, "असू दे मावशी, शिकीन मी इथंच." ती शिकेलही. पण तो फॉर्म पाहायला मला अर्धा तास लागला असता.

पालकांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेत बसणारं पहिलं नाव देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं हातातून जात नाही. म्हणून खऱ्या आवडीच्याच क्रमाने लिहा आणि जे नको ते वरच्या ओळींत टाकू नका. दुसरं, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा, आणि नॉन-क्रीमी लेअरची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत पुरते का, ते तपासा. तिसरं, शेजाऱ्याच्या मुलाने गेल्या वर्षी काय केलं ते विचारू नका. सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा. ती मराठीत समजावून सांगायला आम्ही आहोत.

आम्ही म्हणजे मी आणि या वर्गातले आणखी चौघं. प्रत्येक फेरीच्या फॉर्मचे दिवस लागले की आम्ही शाळेच्या संगणक कक्षात येऊन बसणार आहोत. मुख्याध्यापकांनी खोली द्यायचं कबूल केलं आहे. आपल्या शाळेतून गेलेलं कोणतंही मूल येऊ दे, फी नाही. पण पाच माणसं पुरणार नाहीत. तुमच्यातलं कोणी बँकेत आहे, कोणी तहसीलमध्ये, कोणी शिक्षक. दाखल्यांचं काम तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. जेवणाआधी मागच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा.

माझं नाव मी पहिल्या ओळीत लिहिलं आहे. रिलीज असलं तरी येईन.