खापर मोजून देतं

जळगाव-धुळ्याकडे आखाजीची पुरणपोळी लोखंडी तव्यावर नव्हे, खापरावर होते. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं खापर, खाली लाकडांचा जाळ, आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवलेली पोळी. एवढी पातळ पोळी, आत गोड पुरण. तरी सुगरणीच्या हातून ती करपत नाही. का बरं?

उत्तर मातीत आहे. खरं म्हणजे मातीत जे नाही, त्यात आहे. कुंभार मातीत लीद कालवतो. भाजताना ती जळून जाते आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. त्यांतली कोंडलेली हवा उष्णता फार सावकाश पुढं सरकवते. लोखंडातून उष्णता मातीच्या पन्नास पट किंवा त्याहूनही अधिक सहज वाहते. तवा जवळचं सगळं एकदम देऊन टाकतो; खापर मोजून देतं.

पण आच फार वाढली, की हिशेब बदलतो. वीटभट्टीत तापमान ९०० ते १००० अंशांपर्यंत जातं. तिथं उष्णता हवेची वाट पाहत नाही. उजेडासारखी ती पोकळीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर झेप घेते. यालाच प्रारण म्हणतात. ३०० अंशांवरची भिंत १००० अंशांवर गेली, तर ती सुमारे २४ पट उष्णता फेकते. पोकळी मोठी असेल तर एकाच झेपेत लांबचा पल्ला. पोकळ्या बारीक असतील तर पावलोपावली अडवणूक. म्हणून कारखान्यांतल्या भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटांत पोकळ्या भरपूर हव्यात, पण लहान हव्यात. अशा विटा करण्याची एक जुनी रीत म्हणजे मातीत लाकडाचा भुसा मिसळणं. म्हणजे कुंभाराचीच युक्ती!

हा नुसता शास्त्राचा खेळ नाही. चांगल्या अस्तरामुळं इंधन वाचतं. आणि आमच्याकडं मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा भट्टीशेजारी आठ तास उभं राहणाऱ्या माणसाच्या अंगावर किती धग यावी, हेही त्या बारीक पोकळ्याच ठरवतात.

खापराचं मात्र अवघड आहे. गॅसच्या शेगडीवर ते नीट बसत नाही. चूल गेली की खापर जातं, खापर गेलं की ते घडवणारा हातही थांबतो. येत्या आखाजीला कुंभारवाड्यातून एक खापर जरूर घ्या. किंमत करताना फार घासाघीस मात्र करू नका. त्यात माती थोडी आणि जाण फार असते.